सांगली-मिरजेहून संडूर: डोंगरातले खाणीचे गाव कुटुंबासह कसे पाहावे

सांगली, मिरज, जयसिंगपूर या पट्ट्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे हंपी पाहायला जातात, होसपेटला मुक्काम करतात, तुंगभद्रेचे धरण पाहतात आणि परततात. होसपेटपासून साधारण तीस किलोमीटरवर, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात संडूर नावाचे तालुक्याचे गाव आहे, तिकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. लोह आणि मँगनीजच्या खाणींचे हे जुने गाव सव्वादोनशे वर्षे घोरपड्यांचे संस्थान होते. संताजी घोरपड्यांचा शेवट ज्या माण तालुक्यातल्या कारखेलच्या परिसरात 1697 मध्ये झाला तो आपल्या सातारा जिल्ह्यातला, आणि त्यांच्याच भावकीतल्या शाखेने पुढे राखलेले हे छोटे राज्य कर्नाटकात. त्यामुळे आपल्या भागातल्या माणसाने संडूर निदान एकदा, सावकाश आणि मुलांना बरोबर घेऊन पाहावे, असे मला मनापासून वाटते. प्रथमच जाणाऱ्यांना तयारीपासून परतीपर्यंत उपयोगी पडेल अशा क्रमाने पुढची माहिती दिली आहे.

निघण्यापूर्वी: गावाची ओळख

संडूरला जाण्याची पहिली पायरी घरीच पार पाडायची आहे. या गावात हंपीसारखे जागोजागी फलक नाहीत आणि मार्गदर्शकही सहज मिळत नाहीत. इतिहास माहीत नसेल तर तांबड्या धुळीने माखलेले एक साधे बाजारगाव दिसेल आणि मुले तासाभरात कंटाळतील. म्हणून प्रवासाच्या आधी एखाद्या रात्री जेवणानंतर त्यांना एवढी गोष्ट जरूर सांगावी.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, साधारण 1728 मध्ये, सिद्दोजीराव घोरपडे यांनी हे खोरे घेतले. त्यांचे पुत्र मुरारराव हे गुत्तीचे प्रसिद्ध सरदार. 1776 मध्ये हैदरअलीने गुत्ती घेतली, मुरारराव कैदेतच वारले आणि संडूरही काही काळ म्हैसूरकरांकडे गेले. पुढे ते पुन्हा घोरपड्यांच्या हाती आले. पण दुसऱ्या बाजीरावाला हे खोरे आपल्या ताब्यात हवे होते. 1815 च्या सुमारास इथल्या डोंगरावरच्या कुमारस्वामींच्या (कार्तिकेयाच्या) यात्रेचे निमित्त करून तो फौजेसह तिकडे निघाला. तेव्हाचे संस्थानिक शिवराव घोरपडे यांनी वाट अडवली आणि मोजक्या माणसांनिशी दर्शन घेण्यापुरतीच परवानगी दिली. 1817 मध्ये पेशव्यांशी झालेल्या कराराचे पालन म्हणून इंग्रजांनी आपला अधिकारी मन्रो याला पाठवून शिवरावांकडून संस्थान सोडवून घेतले खरे, परंतु पेशवाईच बुडाल्यावर 1818 मध्ये ते शिवरावांना परत मिळाले आणि 1826 मध्ये रीतसर सनद झाली. घाटरस्त्याने कुमारस्वामींच्या डोंगरावर चढताना ही हकिगत पुन्हा एकदा सांगावी. पेशव्यांची फौज जिथे थोपवली गेली तो डोंगर मुलांना नुसता डोंगर वाटत नाही.

विसाव्या शतकातली एक गोष्टही सांगण्याजोगी आहे. 1932 मध्ये संडूरचे राजे यशवंतराव घोरपडे यांनी संस्थानातील मंदिरे दलितांना खुली केली. त्रावणकोरचा मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा 1936 चा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. 1934 मध्ये हरिजन यात्रेच्या निमित्ताने गांधीजी इथे येऊन गेले. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले आणि 1953 मध्ये हा भाग मद्रास राज्यातून म्हैसूर राज्यात आला.

नकाशा किंवा माहिती शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या मराठी कागदपत्रांत या गावाचे नाव ‘सोंडूर’ असे येते. तसेच 2021 मध्ये विजयनगर हा नवा जिल्हा होऊन होसपेट त्याचे मुख्य ठिकाण झाले, तरी संडूर तालुका बळ्ळारी जिल्ह्यातच आहे.

केव्हा जावे

‘संडूर पाहावे ते सप्टेंबरात’ असे गांधीजी म्हणाल्याचे तिथे सांगतात, आणि डोंगर पाहिले की ते पटते. बळ्ळारी जिल्हा एरवी कोरडा आणि रखरखीत. पण या खोऱ्यातले डोंगर पावसाळ्याच्या अखेरीस गर्द हिरवे असतात आणि त्या हिरवाईतून तांबडी माती डोकावत असते. आपल्याकडे मात्र सप्टेंबरात गणपती आणि सहामाही परीक्षा असल्याने बहुतेकांना दिवाळीची सुटीच सोयीची पडते. नोव्हेंबर ते जानेवारी हवा चांगली असते, फक्त हिरवळ ओसरलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर जाऊच नये. चाळीस अंशांच्या पुढचे ऊन आणि खाणीची धूळ हे दोन्ही एकदम सोसवत नाही.

कसे जावे आणि कुठे उतरावे

रेल्वेने जाणे कुटुंबासाठी सर्वांत सोयीचे. कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेस मिरज, बेळगाव, हुबळी, गदग, कोप्पळ या मार्गाने होसपेटला जाते. मिरजेहून दुपारी बसले की रात्री उशिरा होसपेट येते, म्हणून पहिल्या रात्रीची खोली आधीच ठरवून ठेवावी आणि उशिरा पोहोचणार असल्याचे हॉटेलवाल्यांना फोनवर कळवावे. तिरुपतीला जाणाऱ्यांमुळे या गाडीचे आरक्षण लवकर भरते. साताऱ्याच्या मंडळींनी मिरजेपर्यंत रेल्वेने किंवा एसटीने यावे आणि दोन गाड्यांमध्ये पुरेसा वेळ राखावा. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, त्या निघण्यापूर्वी रेल्वेच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.

स्वतःच्या गाडीने जायचे असल्यास बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत महामार्ग आणि तिथून गदग-कोप्पळमार्गे होसपेट हा रस्ता घ्यावा. सांगलीपासून हे अंतर साधारण पावणेचारशे किलोमीटर भरते. पहाटे निघून दुपारचे जेवण हुबळीत घेतले तर दिवस मावळण्याच्या आत होसपेट गाठता येते.

एसटीने सीमेपर्यंत जाऊन पुढे कर्नाटकच्या बसने जाण्याचा बेत असेल तर सवलतींचा हिशेब आधी करावा. आपल्या एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची आणि पंच्याहत्तरीपुढील ज्येष्ठांची मोफत प्रवासाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे, आणि कर्नाटकात महिलांना असलेला मोफत बसप्रवास तिथल्या रहिवासी स्त्रियांसाठी आहे. ही माहिती नसल्याने वाहकाशी वाद घालणारी माणसे सीमाभागात नेहमी दिसतात.

मुक्काम होसपेटला करावा असा माझा सल्ला आहे. तिथे सर्व प्रकारच्या खोल्या मिळतात, दवाखाने आणि औषधांची दुकाने जवळ आहेत आणि हंपीही बारा-तेरा किलोमीटरवर आहे. संडूरमध्ये घोरपड्यांच्या शिवविलास राजवाड्याचे हॉटेल झाले आहे. ज्यांना परवडेल त्यांनी एक रात्र तिथे अवश्य काढावी. होसपेटहून संडूरला बस मिळते, पण कुमारस्वामींचा डोंगर, नारीहळ्ळ धरण आणि गाव हे सारे एका दिवसात करायचे तर दिवसभरासाठी गाडी ठरवणेच बरे. भाडे ठरवताना ‘संडूर’ एवढेच न सांगता डोंगरावर जायचे आहे हेही स्पष्ट सांगावे, म्हणजे घाटाच्या पायथ्याशी घासाघीस होत नाही.

सकाळ: कुमारस्वामींचा डोंगर

होसपेटहून सातच्या आत निघावे. सकाळी मालवाहू गाड्यांची वर्दळ कमी असते आणि डोंगरावर ऊन चढलेले नसते. संडूर गावापासून दहा-बारा किलोमीटरवर स्वामीमलई डोंगरात कुमारस्वामींचे आणि शेजारीच पार्वतीचे मंदिर आहे. बदामी चालुक्य आणि राष्ट्रकूट काळातली ही देवळे. हंपीच्या विजयनगरपेक्षा ती कित्येक शतकांनी जुनी आहेत, हे मुलांना मुद्दाम सांगावे. गाडी मंदिरापर्यंत जाते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या आजी-आजोबांनाही इथे नेता येते. स्थलपुराणानुसार तारकासुराच्या वधानंतर कार्तिकेय इथे राहिले.

एका बाबतीत आधी मनाची तयारी ठेवावी. कुमारस्वामींच्या दर्शनासंबंधी स्त्रियांवर बंधन घालणारी जुनी रूढी इथे चालत आलेली आहे. आपल्याकडेही कार्तिकस्वामींचे दर्शन स्त्रियांनी कार्तिकी पौर्णिमेला, कृत्तिका नक्षत्र असतानाच घ्यावे असे मानणारी घरे आहेत, तेव्हा ही गोष्ट आपल्याला अगदीच अपरिचित नाही. आज तिथे नेमके काय पाळले जाते ते गाडी ठरवतानाच चालकाकडून किंवा देवळात पुजाऱ्यांकडून विचारून घ्यावे, म्हणजे दारापाशी पोहोचल्यावर घरातल्या बायकामुलींना अवघडल्यासारखे होणार नाही. ज्या संस्थानाने 1932 मध्ये दलितांसाठी देवळे उघडली, तिथल्या या रूढीबद्दल मुली प्रश्न विचारतील. त्या प्रश्नांना मोकळेपणाने उत्तर द्यावे, ते टाळू नयेत.

डोंगरावर खाण्यापिण्याची सोय भरवशाची नाही. पाणी आणि डबा बरोबर असावा. जंगलात अस्वले आहेत, त्यामुळे मुलांना वाट सोडून झाडीत जाऊ देऊ नये आणि अंधार पडण्याआधी खाली यावे.

खाण कशी पाहावी

संडूरच्या खाणी सर्वसामान्य पर्यटकांसाठी खुल्या नाहीत, ही गोष्ट घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवावी. सरकारी कंपनीची असो वा खाजगी, प्रत्येक खाण भाडेपट्ट्याच्या हद्दीत असते, आत सुरुंगाचे काम चालते आणि परवानगीशिवाय प्रवेश हा गुन्हा ठरतो. चालकाने ‘ओळख आहे, आत नेतो’ असे सांगितले तरी मुलांना घेऊन जाऊ नये. भूशास्त्राचे विद्यार्थी महाविद्यालयामार्फत लेखी परवानगी काढून जातात. कुटुंबासाठी तो मार्ग नाही.

तरीही बाहेरून पुष्कळ दिसते. समोरच्या डोंगराच्या उतारावर जिन्यासारखे कापलेले टप्पे दिसतील. प्रत्येक टप्प्यावर यंत्रे माल काढतात आणि एक टप्पा संपला की खालचा सुरू होतो. झाडी असलेला डोंगर आणि टप्पे पाडलेला डोंगर शेजारी-शेजारी दिसतील अशा, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावरच्या जागी गाडी उभी करून मुलांना दहा मिनिटे नुसते पाहू द्यावे. गुंडा रोडवरून स्वामीहळ्ळीपर्यंत आलेला रेल्वेफाटा आणि तोरणगल्लूकडून रणजितपुऱ्याकडे गेलेला फाटा हे दोन्ही मुख्यतः खनिज वाहण्यासाठीच आहेत.

मुलांसाठी एक छोटा प्रयोग सुचवतो. घरातून फरशीच्या टाइलचा एक तुकडा न्यावा. तिची मागची, झिलई नसलेली बाजू उपयोगाची. होसपेट-संडूर रस्त्याच्या कडेला, खाणीच्या हद्दीबाहेर पडलेला एखादा जड खडा घेऊन त्या बाजूवर घासावा. हेमेटाइट हे लोहखनिज दिसायला कितीही काळपट किंवा चकचकीत असले तरी टाइलवर तांबडी-तपकिरी रेघ उमटते. मँगनीजचे खनिज असेल तर रेघ काळी येते. मग तोच खडा हातावर तोलून पाहावा. हेमेटाइट पाण्याच्या पाचपट जड असतो, तर आपल्या सह्याद्रीतला काळा पाषाण साधारण तिप्पट. काही दगडांत तांबडे आणि करडे पट्टे एकाआड एक दिसतील. प्राचीन समुद्राच्या तळाशी लोह आणि सिलिका यांचे थर आलटून पालटून बसत गेले, त्यांचे ते पट्टे आहेत. संडूरचा हा खडकपट्टा साधारण 270 कोटी वर्षांचा आहे, आणि सातारा-सांगलीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. कास किंवा पाचगणीच्या पठारावरचा तांबडा जांभा मुलांनी पाहिला असेल, तर त्याचाही रंग लोहामुळेच आहे, हे तिथेच सांगावे. प्रयोग झाला की खडा जागेवर ठेवावा; खनिज उचलून घरी आणू नये.

खाणीचा इतिहासही मुलांच्या वयाप्रमाणे सांगावा. फार पूर्वी इथे गावठी भट्ट्यांत लोखंड गाळले जाई. विलायती स्वस्त लोखंड आल्यावर त्या भट्ट्या विझल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने या डोंगरांचा नकाशा तयार केला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मँगनीजचे उत्खनन सुरू झाले. 1954 मध्ये घोरपडे घराण्याच्या पुढाकाराने मँगनीज आणि लोहखनिजाची कंपनी स्थापन झाली, तर 1977 मध्ये दोणिमलई इथे सरकारी खाण सुरू झाली. 2003 नंतर चीनमधून पोलादाची मागणी प्रचंड वाढली, खनिजाचे भाव चढले आणि बळ्ळारी जिल्ह्यात बेकायदा उत्खननाला ऊत आला. जंगले उघडी पडली, ओढे गाळाने भरले, शेतांवर तांबडी पुटे चढली. जुलै 2011 मध्ये कर्नाटकच्या लोकायुक्तांचा अहवाल आला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्यातील खाणकाम थांबवले. 2013 मध्ये न्यायालयाने सर्वांत गंभीर उल्लंघन करणाऱ्या खाणींचे पट्टे रद्द केले आणि उरलेल्यांना उत्पादनाची मर्यादा व डोंगर पूर्ववत करण्याच्या अटी घालून परवानगी दिली.

हा भाग मी इतक्या विस्ताराने लिहिला, कारण संडूरला येऊन फक्त देऊळ आणि हिरवाई पाहून जाणे मला अपुरे वाटते. आपल्या घराच्या स्लॅबमधली सळई आणि अंगणातला दुचाकीचा सांगाडा कोणत्या तरी अशाच डोंगरातून आलेला आहे. खाण म्हणजे सरसकट पाप असेही मुलांना सांगू नये आणि खाणीमुळे गावाचे भलेच झाले असेही सांगू नये. गावातल्या चहाच्या टपरीवर एखाद्या ज्येष्ठ माणसाशी बोलण्याची संधी मिळाली तर अवश्य बोलावे. खाण बंद पडल्यावर रोजगार गेला, हे जसे ऐकायला मिळते, तसेच ओढ्याचे पाणी पुन्हा निवळ झाले, हेही मिळते.

दुपार: गाव, भरतकाम आणि धरण

डोंगरावरून उतरल्यावर गावात जेवण घ्यावे. ज्वारीची पातळ कडक भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी असे ताट आपल्या लोकांना परके वाटत नाही. सकाळच्या न्याहारीला बळ्ळारीकडची उग्गाणी आणि मिरचीभजी खावीत. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची उग्गाणी आपल्या सुशिल्यासारखी लागते, फक्त तिखट अधिक असते. मुलांसाठी सांगलीचे भडंग बरोबर असू द्यावे.

मिरज आणि जत भागातल्या अनेकांना कन्नड येते. ज्यांना येत नाही त्यांनी ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘ऊटा’ म्हणजे जेवण आणि ‘एष्टु’ म्हणजे किती, एवढे तरी शिकून जावे. हिंदीवर काम भागते.

संडूरच्या कुशल कला केंद्रात लंबाणी (बंजारा) स्त्रियांचे भरतकाम पाहायला मिळते. या कामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. गडद रंगाच्या कापडावर आरसे, कवड्या आणि घट्ट टाक्यांच्या रांगा असे हे काम असते. आरशाच्या कडेने फिरवलेला टाका उलट बाजूने पाहावा. हाताच्या कामात तिथे गाठी आणि दोऱ्यांची वळणे दिसतात, यंत्राचे काम मागूनही एकसारखे असते. किमतीत घासाघीस करू नये. एका पिशवीमागे काही दिवसांची मेहनत असते आणि तो पैसा थेट त्या बायकांच्या घरी जातो.

उन्हे उतरल्यावर नारीहळ्ळ धरणाकडे जावे. नारीहळ्ळ ओढ्याने डोंगरांच्या भिंती कापून ओबळगंडी आणि भीमगंडी या खिंडी तयार केल्या आहेत. पावसाळ्यानंतर इथले दृश्य रम्य असते. पाण्यात उतरू नये. दिवस शिल्लक असेल आणि मुलांना प्राणी आवडत असतील तर परतताना दरोजी अस्वल अभयारण्याचा विचार करावा. दुपारनंतर तिथल्या मनोऱ्यावरून अस्वले दिसण्याची शक्यता असते. मात्र देऊळ, गाव, धरण आणि अभयारण्य हे सारे एकाच दिवशी करण्याचा अट्टहास धरला तर लहान मुले गाडीत झोपून जातात, हे लक्षात ठेवावे.

बरोबर काय असावे आणि काय सांभाळावे

धूळ ही इथली मुख्य अडचण आहे. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांनी मास्क आणि नेहमीची औषधे हाताशी ठेवावीत, दम्याचा फवारा (इन्हेलर) डिकीतल्या बॅगेत टाकू नये. पांढरे कपडे नेऊ नयेत. तांबडा डाग साध्या धुण्याने निघत नाही. मोटारीच्या काचा खाणीच्या पट्ट्यात बंद ठेवाव्यात.

खनिजाच्या मोठ्या गाड्यांच्या अगदी मागे राहून गाडी चालवू नये, कारण ताडपत्री असली तरी खडे उडतात. वळणावर त्यांना ओलांडण्याची घाई करू नये आणि अंधार पडल्यावर संडूर-होसपेट रस्त्यावर शक्यतो असू नये. रस्त्याच्या कडेला थांबणे भाग पडले तर मुलांना डाव्या बाजूच्या दारानेच उतरवावे. खाणीचे दरवाजे, वजनकाटे आणि पहारेकरी यांचे फोटो घेऊ नयेत. त्यावरून विनाकारण चौकशी होते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा, कारण डोंगरात नेटवर्क कुठे मिळेल, कुठे नाही, याचा भरवसा नाही.

परतताना

संडूरनंतर हंपीला निदान दोन दिवस द्यावेत. हा क्रम उलटा करू नये असे मी सुचवेन. हंपी पाहून दमलेल्या मुलांना संडूरच्या डोंगरात रस वाटत नाही. ताजेतवाने असताना संडूर पाहिले तर हंपीतल्या राजधानीजवळच लोखंडाने भरलेले डोंगर होते हे त्यांना आपोआप समजते. परतीच्या हरिप्रियेत मिरजेपर्यंतचे आरक्षण जातानाच करून ठेवावे. स्वतःच्या गाडीने गेलेल्यांनी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच गाडी खालून धुऊन घ्यावी आणि गॅरेजमध्ये एअर फिल्टर काढून झटकून किंवा बदलून घ्यावा, कारण ती बारीक तांबडी पूड फिल्टरच्या घड्यांत फार घट्ट बसते.